त्र्यंबकच्या हिऱ्यासाठी गिरगावात

मुंबईहून परत आल्यापासून दारात जो येतो त्याला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. तेव्हा म्हटलं, एकदाची लिहूनच काढावी. शिवाय तिथल्या माणसांचे आभार मानायला गेलं की "चल, काहीतरीच काय!" म्हणून ती विषय बदलायची. कागद तसं म्हणणार नाही.

आम्ही त्र्यंबकचे. मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवते. माझे वडील, आण्णा, त्याच शाळेतून निवृत्त झाले. गावात त्यांची ओळख शिक्षक म्हणून कमी आणि हिऱ्याची गोष्ट सांगणारे म्हणून जास्त. दर्शनाच्या रांगेत उभं राहून कंटाळलेल्या माणसांना ते ती गोष्ट ऐकवायचे. ती अशी: आमच्या त्र्यंबकेश्वराला एक मोठा हिरा होता. देवाचा डोळा म्हणून तो बसवला होता असं कुणी सांगतं, मुकुटात होता असं कुणी. मराठ्यांचं राज्य गेलं तेव्हा तो शेवटच्या पेशव्यांच्या जवाहिरात होता, आणि लढाई हरल्यावर इंग्रजांच्या हाती लागला. कंपनीने तो लंडनला नेऊन विकला. पुढे एका इंग्रज उमरावाने तो तलवारीत जडवला. मग तो अमेरिकेत गेला, त्याचे लिलाव झाले, आणि आता कुणा धनाढ्याच्या खासगी संग्रहात असल्याचं सांगतात. इंग्रजांनी त्याला नाव मात्र दिलं नाशिकचं. हिरा गेल्यापेक्षा आण्णांना याचा राग जास्त. "चोरलात तर चोरलात, पत्ता तरी नीट लिहा!" असं म्हणून ते लोकांना हसवायचे आणि मग गंभीर होऊन शेवट करायचे, "तो तिथे आजही तसाच आहे. लिंबाएवढा. आपली वाट बघतोय."

काचबिंदूने आण्णांची नजर गेली आणि काही महिन्यांनी त्यांनी गोष्ट सांगणं सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "समोरच्याचं तोंड दिसत नाही. रंगतंय की जांभया देतोय, काय कळणार?" पुढे बाहेर बसणंही बंद झालं. जेवायला उठायचे, पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे, माणसाला कशात तरी गुंतवा.

मला एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्या हिऱ्याची आकृती सापडली होती, तो लंडनला पोचला तेव्हाची. वरून, खालून आणि बाजूने. मनात आलं, हे दिसत नाही त्यांना, पण हातात देता येईल. माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण मंगल सावंत दादरला एका सराफाच्या दुकानात काम करते. तिला फोन केला. तिने गिरगावातल्या ॲग्नेसबाई शोधून काढल्या. बाईंनी उभी हयात रत्नं घासायला शिकवण्यात घालवली, आणि मोठ्या दागिन्यांच्या काचेच्या नकला त्या करून देत. त्यांनी आकृती मागवली, चार प्रश्न विचारले आणि संक्रांतीच्या सुमाराला न्यायला या म्हणाल्या. आण्णांना सांगितलं तर ते भिंतीकडून वळून उठून बसले. मग म्हणाले, "मी येणार."

दादर

नाशिकची बस आम्हाला दादरला सोडून गेली तेव्हा आम्ही दोघं स्वेटर, कानटोपी, मफलर अशा थाटात होतो आणि आजूबाजूची माणसं घाम पुसत होती. मंगल आम्हाला बघून रस्त्यातच हसायला लागली. "अगं नंदा, काढ ते आधी! काका, तुम्ही पण. थंडी तिकडेच ठेवून यायचं ना!"

टॅक्सीत आण्णा खिडकीशी बसले. बसल्या जागी नाक वर करून ते शहर वाचत होते. फुलांचा बाजार त्यांना कळला, भज्यांची गाडी कळली. लालबागला टॅक्सी थांबली तेव्हा त्यांना ठसका लागला.

"मिरच्या कुटतायत."

"मसाल्याच्या गल्ल्या आहेत, काका. आमच्याकडे या वासानेच लालबाग आलं ते समजतं," मंगल म्हणाली.

मंगलचं घर काळाचौकीला, तीन मजली चाळीत दुसऱ्या मजल्यावर. तिचे यजमान प्रकाशराव मूळ मालवणचे. त्यांचे वडील गिरणीत होते, हे शाळेची बस चालवतात. दारातच त्यांनी आण्णांचा हात धरला. "येवा, आण्णा. उंबरठो उंच असा, पाय जपून." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्ही आहात तोवर घरात मासे नाहीत हां. काळजी करू नका."

आण्णांचे कान तिखट. ते म्हणाले, "असं करू नका हो. मी खात नाही, पण तुम्ही उपाशी राहिलेलं मला चालणार नाही." त्यावर बरीच घासाघीस होऊन असं ठरलं की मासे शेजारच्या खोलीत शिजतील आणि प्रकाशराव तिथे जाऊन जेवतील. आम्हाला मंगलने काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावन वाढलं. आमच्याकडे उसळीला इतका नारळ घालत नाहीत. आण्णांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी काहीही दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. मंगलला याची कल्पना नव्हती, ती बोलता बोलता वाढत होती. मी ताटाकडे बघत बसले.

गिरगाव

ॲग्नेसबाईंचं घर गिरगावातल्या एका अरुंद गल्लीत आहे. पुढे लाकडी जिना आणि व्हरांडा, कोपऱ्यात क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. बाई सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात दोरीला अडकवलेली दोन भिंगं. त्यांचं मराठी झरझर, मध्येच इंग्रजी.

"या अंकल, या. इथे चेअर आहे, बसा. ही फुगिया, तळलेली गोल ब्रेड, मी केलीय, पण त्यात अंडं असतं, सो तुमच्यासाठी केळी आणून ठेवलीत."

अंडं असल्याचं आपण होऊन सांगितलं म्हणून आण्णा तिथेच खूश झाले. पण बाईंचा चेहरा उतरलेला होता.

"एक बॅड न्यूज आहे. काल लास्ट पैलू घासत होते आणि टोकाला काच उडाली. गेला तो पीस. दुसरा घेतलाय घासायला, पण थोडं थांबावं लागेल. सॉरी हां. माझीच घाई नडली."

मी "असू दे, असू दे" म्हणत होते, तेवढ्यात आण्णांनी हात पुढे केला. "तुटका तरी बघू."

बाईंनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. आण्णांची बोटं त्याच्यावरून फिरली आणि थांबली.

"एवढासाच?"

"अंकल, एवढासा? हा जगातल्या मोठ्या हिऱ्यांपैकी आहे!"

"मी लिंबाएवढा सांगत आलो."

"नाही नाही. चपटा आहे हा, मोठ्या सुपारीएवढा. एका बाजूला निमुळता, तिकोनीच म्हणा. आणि पैलू बघा कसे वाकडेतिकडे. आपल्याकडचे लोक वजन जाऊ नये म्हणून दगडाच्या कलाने घासायचे. चमकीसाठी नाही. म्हणून तर लंडनला नेल्यावर त्यांनी परत घासला."

आण्णांची मान वर झाली. "परत घासला म्हणजे?"

"री-कट केला. पहिल्यांदा लंडनमध्ये. मग अमेरिकेत गेल्यावर पुन्हा, एकदम वेगळा शेप, लांबट चौकोनी. वजन अर्ध्यावर आलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मलाही माहीत नव्हतं. माझं पुस्तक हिरा लंडनला पोचला तिथेच संपत होतं. आण्णांनी विचारलं, "म्हणजे आज तो आणून ठेवला देवापुढे, तर?"

बाईंनी हातातलं भिंग खाली सोडलं. मग सरळ बोलल्या. मला त्यांचं ते सरळ बोलणं आवडलं. "तर देवाने पण ओळखला नसता, अंकल. तुमच्याकडून गेला तो हिरा आता कुठेच नाही. त्याच्यातला उरलेला तुकडा आहे."

आण्णांनी तुटकी काच चाचपत टेबलावर ठेवली. केळ्याला हात लावला नाही. जिना उतरताना मी त्यांचा दंड धरला होता. मध्येच थांबून ते म्हणाले, "आख्खं आयुष्य लोकांना खोटं सांगितलं मी." मी म्हटलं, तुम्हाला तसंच सांगितलं गेलं होतं. टॅक्सीत त्यांनी खिडकीची काच वर करून घेतली.

माटुंगा

दुसऱ्या दिवशी आण्णा उठलेच नाहीत. जागे होते, पण भिंतीकडे तोंड. "घरी जाऊ. ती काच नको मला," एवढंच म्हणाले. चाळीतली भिंत त्र्यंबकच्या भिंतीहून वेगळी नव्हती. मला रडू यायला लागलं. एवढ्या लांब आणून मीच त्यांच्या हातून त्यांची गोष्ट काढून घेतली, असं वाटत होतं. मंगलने मला गॅलरीत नेलं.

"रडू नकोस गं. तू काय वाईट केलंस? चल, त्यांना खायला नेऊ. माणूस उपाशीपोटी सगळं वाईटच बघतो."

प्रकाशरावांची त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी आण्णांपुढे उकिडवं बसून त्यांच्या पायात चपला सरकवल्या. त्यांचं काहीही न ऐकता आम्ही माटुंग्याला गेलो. तिथल्या एका जुन्या हॉटेलात संगमरवरी टेबलं आहेत, आणि गरम रस्सममध्ये बुडवलेली इडली मिळते. आण्णांना इडली म्हणजे सांबार-चटणी एवढंच ठाऊक. पहिल्या चमच्याला त्यांच्या नाकातून पाणी आलं. दुसऱ्या चमच्याला म्हणाले, "हे आपलं कढण आहे, फक्त मद्राशी." मग कॉफी. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतल्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "ही मोजतायत की खेळतायत?" वेटर हसला आणि त्याने मुद्दाम हात उंच करून आणखी एकदा कॉफी ओतली, आण्णांना आवाज नीट ऐकू यावा म्हणून. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, पण त्याचा तो उंच गेलेला हात मला आठवतो.

बाहेर आल्यावर आण्णा म्हणाले, "समुद्र कुठे आहे इथे? हिरा गेला असेल तो समुद्रातूनच गेला असेल."

मच्छीमार नगर

चौपाटीला गर्दी असते म्हणून प्रकाशरावांनी आम्हाला कफ परेडच्या मच्छीमार नगरला नेलं. एकीकडे आकाशाला टेकलेल्या इमारती, आणि त्यांच्या पायथ्याशी होड्या, जाळी, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. वास असा की मी पदर नाकाला लावला. आण्णांना काय होईल अशी भीती वाटत होती, पण ते नुसते उभे होते, वाऱ्याकडे तोंड करून.

हिरवं लुगडं नेसलेली एक कोळीण बोंबील उलटेपालटे करत होती. तिने आण्णांना बघितलं आणि प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं.

"बसा बाबा. कुनाची वाट बगता?"

"कुणाची नाही. आमचं एक हरवलंय."

"काय हरवलं?"

"हिरा."

बाई हातातले बोंबील तसेच धरून उभी राहिली. "हितं पारला?"

"नाही, नाही." आण्णांनी हसू आवरलं की हुंदका, मला कळलं नाही. त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. देवाचा होता, पेशव्यांकडे गेला, इंग्रजांनी नेला, तिकडे घासून घासून दुसराच केला. नेहमीची रंगत नव्हती, पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

"तुमी बगितलेला?"

"नाही."

"तुमच्या बापानं?"

"त्यांनीही नाही. त्यांच्या आज्याच्या आधीची गोष्ट."

बाईने बोंबील बांबूवर टाकले. "माज्या आजीची नथ होती. मोठी, अशी. लग्नाच्या वरातीत हरवली. मी जन्मायच्या कितीतरी आदी. पन अजून आमच्या घरात कुनाचं लगीन निघालं की तिच्यावरनं भांडान होतं. मावशी बोलते सात मोती, आई बोलते नऊ."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी नऊ! आईची बाजू नको घ्यायला?"

आण्णा मोठ्याने हसले. पोट धरून, स्टुलावर मागेपुढे होत. मंगल आणि प्रकाशराव नुसते बघत राहिले. त्यांनी हा आवाज पहिल्यांदा ऐकला होता, आणि मी फार दिवसांनी. मग आण्णांनी तिला त्या नथीबद्दल खोदून खोदून विचारलं. मोती किती मोठे, मधला खडा लाल की हिरवा, आकडा कसा होता. बाई त्यांचा हात धरून त्यांच्याच तळव्यावर बोटाने नथ काढून दाखवत होती. तिच्या बोटांना खवले चिकटलेले होते. आमच्या घरात मासा शिजत नाही, पण आण्णांनी हात मागे घेतला नाही.

निघताना ते प्रकाशरावांना म्हणाले, "उद्या गिरगावला सोडाल का? त्या बाईंना म्हणावं, घाई करू नका."

पुन्हा गिरगाव

ॲग्नेसबाईंनी घाई केली नव्हती, पण झोपल्याही नसाव्यात. डोळे लाल होते, आणि दुसरी काच टेबलावर तयार होती. "त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले का, अंकल? रात्रभर मला तेच वाटत होतं."

"तुम्ही खरं बोललात. मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं." आण्णांनी हात पुढे केला. "द्या."

या वेळी ते कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिले. निमुळतं टोक, पसरट बूड, बोथट, वेडेवाकडे पैलू. एकेक पैलू दाखवून ते विचारत, हा असाच होता का? आणि बाई माझी आकृती भिंगाखाली धरून सांगत, हो, असाच. एकदा त्या म्हणाल्या, "इथे नाही, इथे मी चुकलेय, थोडा खोल गेला." आण्णा म्हणाले, "राहू द्या. इंग्रजाने नेला तेव्हा असंच काहीतरी झालं असेल."

मी त्यांच्या मजुरीचं पाकीट पुढे केलं. बाईंनी ते घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन मखमलीची एक छोटी पिशवी घेऊन आल्या. "ही माझ्याकडून. माझ्या आईच्या रोझरीची, जपमाळेची आहे. देवाचीच वस्तू ठेवायची ना."

आण्णांनी दोन्ही हात जोडले. ते जरा चुकीच्या दिशेला जोडले गेले, खिडकीकडे. ॲग्नेसबाई गुपचूप खिडकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

काळाचौकी

आमच्या शेवटच्या संध्याकाळी चाळीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्याकडे हळदीकुंकू घरोघरी वेगळं असतं. इथे सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून एकच, तळमजल्यावर मंडळाच्या हॉलसमोरच्या अंगणात. गॅलऱ्यांमधून बायका, पोरं, पुरुष वाकून बघत होते. मंगलने आण्णांच्या गोष्टीबद्दल सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. वाण लुटून झालं, तिळगूळ वाटून झाला, आणि कुणीतरी गणपतीतला माइक आणून आण्णांच्या हातात दिला.

"नको, नको," आण्णा म्हणाले. "मला तुमची तोंडं दिसत नाहीत."

वरून एक बाई ओरडली, "आजोबा, आम्ही ओरडून सांगू, चालेल?"

सगळे हसले. हसण्याच्या आवाजाकडे आण्णांनी तोंड वळवलं आणि सुरुवात केली. पत्त्याचा विनोद त्यांनी केला, आणि त्याला काळाचौकीचे लोकही तितकेच हसले. लढाई आली, लंडन आलं, तलवार आली. मग आजवर जिथे शेवट व्हायचा तिथे ते पोचले. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"मी लोकांना सांगायचो, तो अजून तसाच आहे," आण्णा म्हणाले. "नाही. तो आता तसा कुठेच नाही. परत मागावा म्हटलं तरी तो मिळणार नाही. पण कसा होता ते एका बाईंनी आपले डोळे दुखवून मला घडवून दिलंय. हिरा नाही, काच आहे. पण आकार तोच. आमच्याकडे तो देवापाशी होता तेव्हा हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. तुम्ही लावा. घ्या."

आणि त्यांनी ती काच पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात दिली.

ती एका हातातून दुसऱ्या हातात निघाली. कुणी डोळ्यांशी धरत होतं, कुणी बाळाच्या गालाला लावत होतं. मग ती जिन्याने वर गेली आणि मला दिसेनाशी झाली. गॅलरीच्या कठड्यावरून निसटली तर खाली फरशी होती. मी उठायला लागले तर मंगलने मला खाली ओढलं.

आण्णांनी माइक तोंडाशी धरला. "कुठवर पोचला?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या माळ्यावर!" वरून चार-पाच आवाज एकदम आले. प्रत्येक आवाजाकडे आण्णांची मान वळत होती.

बऱ्याच वेळाने तो परत आला. चिकट झाला होता, आणि निमुळत्या टोकाजवळ तिळाचा एक दाणा गुळाने चिकटलेला. आण्णांच्या बोटाला तो लागला. त्यांनी नखाने तो अलगद काढला, तोंडात टाकला आणि चावला.

"हं," ते म्हणाले. "अजून कुणाचा हात राहिलाय?"